कॉकॅटील घेताय? आधी त्याचे जन्मघर बघा

पौष महिन्यात मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे यात्रा भरते. तिथे बैल घ्यायला गेलेला शेतकरी जनावराचे दात बघतो, खूर उचलून पाहतो, वशिंडावरून हात फिरवतो, चार पावले चालवून बघतो. एवढ्यानेही समाधान झाले नाही तर "कुठल्या दावणीचा?" असे विचारतो. बैल कोणाच्या गोठ्यात वाढला हे कळल्याशिवाय सौद्याला रुमालाखाली हात जात नाही. तोच शेतकरी किंवा त्याचा मुलगा ठाण्याला येतो, रस्त्याच्या कडेला पिंजऱ्यात पिवळ्या तुऱ्याचे पाखरू बघतो आणि खिशातून साडेतीन हजार रुपये काढून देतो. पाखराला दात नसतात हे कबूल, पण दावण कुठली एवढे तरी विचारावे की नाही?

हे पाखरू म्हणजे कॉकॅटील. आपली पोरे त्याला सरळ "कॉकटेल" म्हणतात आणि दुकानदारही तसेच म्हणतात. मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळरानावरचा पक्षी. लांबी साधारण एक फूट, वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, डोक्यावर तुरा, गालावर केशरी ठिपका. स्वभावाने गरीब, शीळ लवकर उचलतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या इमारतींतून आता तो घरोघर दिसतो आणि तिथून नात्यागोत्याने गावाकडेही पोहोचला आहे. शेतीच्या पानावर या हौशी पाखराचे काय काम, असे कोणी म्हणेल. काम आहे. कसे, ते आधी सांगतो.

माझी नोकरी ग्रामीण भागात असली तरी मी राहायला माजिवड्यात आहे. आज कापूरबावडीच्या उड्डाणपुलावरून जाणाऱ्याला खरे वाटणार नाही, पण माजिवडा हे गाव होते आणि आजूबाजूला भाताची खाचरे होती. १९८२ साली ठाणे महानगरपालिका झाली, पुढे शेती गेली, गावठाण तेवढे राहिले. गावठाणातल्या पुष्कळ घरांची नाती मात्र अजून कल्याण, भिवंडी, शहापूरकडच्या शेतकरी घरांशी आहेत. असेच आमच्या शेजारचे एक कुटुंब. मुलगा कॉलेजात. दिवाळीच्या तोंडावर त्याने मोटारसायकलवर पिंजरे लावून फिरणाऱ्या एकाकडून कॉकॅटीलची जोडी घेतली. पावती नाही, नाव नाही, नुसता मोबाईल नंबर. "ऑस्ट्रेलियाचा इम्पोर्टेड माल आहे," असे वर ऐकवले.

सुटीला पोरगा ती जोडी घेऊन कल्याण तालुक्यात आजीकडे गेला. आजीच्या बावीस गावरान कोंबड्या. अंडी विकून ती आपला औषधपाण्याचा खर्च भागवते, कोणापुढे हात पसरत नाही. पिंजरा टांगला पडवीत आणि कोंबड्या बसतात त्याच पडवीखाली. तिसऱ्या दिवशी एक पाखरू पिसे फुगवून बसले, विष्ठा हिरवी पाण्यासारखी झाली, सहाव्या दिवशी मेले. दुसरे त्याच्या मागोमाग गेले. पोराने ते परसात पुरले. पुढच्या आठवड्यात कोंबड्या माना टाकू लागल्या, दोघीतिघींच्या माना पिळवटल्या, पंख लुळे पडले. बावीसपैकी चौदा गेल्या. मी गेलो तेव्हा आजी एवढेच म्हणाली, "पाखराचा जाऊ द्या साहेब, पन माज्या कोंबऱ्या कशानं मेल्या त्ये सांगा."

पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांनी उरलेल्या कोंबड्या पाहिल्या. लक्षणे मानमोडीची, म्हणजे राणीखेतची दिसतात असे सांगितले. कोंबड्यांना लस दिलेली नव्हती. रोग पाखरांनीच आणला की आधीपासून आसपास होता, हे मात्र सांगता आले नाही. कारण नमुना घ्यायला मेलेले पाखरू उरलेच नव्हते. विकणाऱ्याचा मोबाईल बंद. तेव्हा पाखरांवर मी आरोप ठेवत नाही. पण पाखरू कुठून आले हे ठाऊक असते, तर त्या माणसाला विचारता आले असते की बाबा, तुझ्याकडची बाकीची कशी आहेत? एवढा एक प्रश्न विचारायला आमच्यापाशी माणूस नव्हता.

राणीखेत हा कोंबड्यांचा रोग म्हणून आपण ओळखतो, परंतु तो पोपटवर्गातल्या पक्ष्यांनाही होतो आणि काही पोपट वरून धडधाकट दिसत असताना तो बाहेर टाकत असतात. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियात १९७१ साली याची मोठी साथ आली. बाहेरदेशातून आणलेल्या पोपटवर्गीय पक्ष्यांमार्फत रोग कोंबड्यांत शिरला, असे तिथल्या तपासात निघाले आणि तो आटोक्यात येईपर्यंत सुमारे सव्वा कोटी कोंबड्या व इतर पक्षी नष्ट करावे लागले.

आपल्या जिल्ह्यालाही पक्ष्यांच्या रोगाचा चटका माहीत आहे. २०२१ च्या जानेवारीत ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूला मेलेले बगळे सापडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे एका कुक्कुटपालन केंद्रात शंभरेक पक्षी अचानक मेले, बर्ड फ्लूचे निदान झाले आणि एक किलोमीटरच्या परिसरातले वीस हजारांहून अधिक पक्षी नष्ट करण्याची पाळी आली. ते रोग पिंजऱ्यातल्या पाखरांनी आणले असे कोणी म्हटलेले नाही, मीही म्हणत नाही. पण ज्या गावात दर दुसऱ्या घरी कोंबडी आहे, तिथे बाहेरून येणारा कोणताही पक्षी हा पाहुणा म्हणून नव्हे तर बाजारातून आणलेले जनावर म्हणूनच घरात घ्यायला हवा.

घ्यायचे कोणाकडून?

कॉकॅटील मिळण्याच्या जागा साधारण तीन. एक, फिरता विक्रेता किंवा आठवडा बाजारातला पिंजरेवाला. दोन, दुकान. तीन, घरी जोड्या लावून पिल्ले काढणारा पाळणारा.

पहिल्याबद्दल थोडक्यात सांगतो: घेऊ नका. तो माणूस वाईट असेलच असे नाही, पण त्याच्या पिंजऱ्यात दहा घरचे पक्षी एकत्र आलेले असतात, उन्हातान्हात फिरलेले असतात, आणि उद्या तो तिथे सापडत नाही. "इम्पोर्टेड" या शब्दाला तर भुलूच नका. ऑस्ट्रेलियाने आपल्या रानातले पक्षी व्यापारासाठी बाहेर पाठवणे गेल्या शतकाच्या साठच्या दशकापासूनच बंद केले आहे. आपल्याकडे बाजारात दिसणारे कॉकॅटील पिंजऱ्यातच जन्मलेल्या पक्ष्यांच्या कित्येक पिढ्यांनंतरचे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या रानातून आला असे सांगणारा एक तर अडाणी आहे किंवा लबाड.

दुकानाची गोष्ट निराळी. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, पाखरांसाठी आपल्या आजोबांच्या वेळेपासून ठाऊक आहे. आता तर उपनगरांत गल्लोगल्ली दुकाने झाली. केंद्र सरकारने २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम केले. त्यानुसार दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आणलेल्या-विकलेल्या प्राण्यांची नोंद ठेवायला हवी. तेव्हा दुकानात शिरल्यावर पाखराआधी भिंत बघा. नोंदणीचे प्रमाणपत्र लावलेले आहे का? नसेल तर विचारा. विचारण्यात लाज कसली? खताच्या दुकानात आपण परवाना बघतो, बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर बघतो, पावती जपून ठेवतो. बियाणे उगवले नाही तर त्या पावतीवरच तक्रार उभी राहते. इथेही तोच हिशोब.

माझे मत विचाराल तर तिसरी जागा सर्वांत बरी. घरी दोन-चार जोड्या ठेवणारे हौशी पाळणारे डोंबिवली, कल्याण, ठाणे सगळीकडे आहेत. तिथे पिल्लाचे आईबाप समोर दिसतात, आणि हाच मोठा फायदा. आईबाप धष्टपुष्ट, पेटी कोरडी, पाण्याचे भांडे स्वच्छ, तर पिल्लाबद्दल निम्मी खात्री झाली. चांगला पाळणारा वही ठेवतो: अंडे कधी घातले, पिल्लू कधी निघाले, कोणत्या जोडीचे. कॉकॅटीलची मादी साधारण चार ते सहा अंडी घालते, अठरा ते एकवीस दिवसांत पिल्ले निघतात. नर-मादी दोघे आळीपाळीने उबवतात, हे त्याला विचारा; ज्याने खरोखर पिल्ले काढली आहेत तो तासभर त्यावर बोलेल. नुसता दुसऱ्याकडून आणून विकणारा घरगुती दलाल असेल तर तो विषय बदलून भावावर येईल. आणखी एक खूण. चांगला माणूस तुम्हालाच उलट प्रश्न विचारतो: पिंजरा केवढा, घरात दिवसा कोण असते, मांजर आहे का, कोणाला दमा आहे का. कॉकॅटीलच्या पिसांतून पांढरी भुकटी झडते आणि दम्याच्या माणसाला तिचा त्रास होतो, म्हणून तो विचारतो. असा माणूस जरा तिरसट वाटला तरी त्याच्याकडूनच घ्या.

काही पाळणारे पिल्लाच्या पायात अखंड कडी घालतात. ती पिल्लू सात-बारा दिवसांचे असतानाच चढते, मोठ्या पक्ष्याच्या पायात जात नाही. म्हणून तिच्यावरचा नंबर आणि साल खरे धरायला हरकत नाही. फट असलेली कडी कधीही घालता येते, तिचा पुरावा म्हणून उपयोग नाही. कडी नसली म्हणून पाखरू वाईट असेही नाही; पण असली तर नंबर पावतीवर लिहून घ्या.

पाखरू हातात घेण्याआधी

पिंजऱ्याजवळ लगेच जाऊ नका. लांब उभे राहून पाच-दहा मिनिटे बघा. आजारी पाखरू अनोळखी माणूस जवळ आला की अंग आवळून शहाण्यासारखे बसते, रानातल्या शिकाऱ्याच्या भीतीने आलेली ही सवय आहे. लांबून बघाल तर खरे काय ते दिसेल. पिसे फुगवून दिवसा झोपलेले, श्वासाबरोबर शेपूट खालीवर होणारे, तळाशी बसून राहिलेले पाखरू घेऊ नये. मग जवळ जा. नाकपुड्या कोरड्या, डोळे स्वच्छ, शेपटीखालची जागा चिकट नसलेली हवी. छातीचे हाड चाचपून बघा, कोंबडी घेताना बघतो तसेच. सुरीच्या धारेसारखे टोचले तर पाखरू खंगलेले आहे. विष्ठेत हिरवट घट्ट भाग आणि पांढरा भाग वेगवेगळा दिसावा.

एकाच पिंजऱ्यात दहा पाखरे असतील आणि त्यांतले एक जरी मलूल दिसले, तरी बाकीच्या नवांपैकी निवड करत बसू नका. तिथून निघा. आपण खुराड्याबाबत जे जाणतो तेच इथे लागू आहे, तरी नेमके इथेच लोक म्हणतात, "ते सोडून दुसरे देतो ना!"

वयाबाबत फार फसवणूक होते. पिल्लू आठ ते दहा आठवड्यांचे झाल्याशिवाय आपले आपण नीट खात नाही. पण "हाताला लवकर लागेल" म्हणून तीन-चार आठवड्यांचे पिसे न फुटलेले पिल्लू सिरिंजसकट विकले जाते. घेणाऱ्याला भरवण्याची माहिती नसते. खाद्य गरम झाले तर गळ्याखालची पिशवी भाजते, थंड झाले तर पिशवीत आंबते, आणि पिल्लू जाते. विकणारा सांगतो, तुमच्याकडून चूक झाली. माणसाळलेले पिल्लू हवे असेल तर ते पाळणाऱ्याच्याच घरी खायला शिकू द्या, दोन-तीन वेळा जाऊन बघा, आणि स्वतः दाणे फोडून खाताना डोळ्यांनी पाहिल्यावरच आणा.

तसेच "नक्की नर आहे, बोलेल" या बोलण्याला किंमत देऊ नका. पिल्लू असताना राखाडी कॉकॅटीलचे नर-मादी सारखेच दिसतात. सहा महिन्यांच्या पुढे पिसे बदलली की नराचा चेहरा पिवळाधमक होतो, मादीच्या शेपटीखाली पट्टे राहतात. त्याआधी खात्री हवी तर पिसावरून प्रयोगशाळेत तपासणी होते. नुसत्या अंदाजाचे जास्त पैसे कशाला द्यायचे? पिवळसर पांढऱ्या, म्हणजे ल्युटिनो जातीत तुऱ्यामागे टक्कल असते, ते वंशातून येते, रोग नव्हे. एवढ्यावरून पाखरू टाकू नये.

कायदा काय म्हणतो, हे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी नीट लक्षात ठेवावे, कारण गावात पहिली विचारणा त्यांच्याकडे होते. कॉकॅटील पाळणे हा गुन्हा नाही. परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते, पण ती आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या याद्यांत असलेल्या जातींसाठी आहे. कॉकॅटील आणि आपले साधे बजरीगर त्या याद्यांत नाहीत. आफ्रिकन ग्रे किंवा सन कन्युर असेल तर मात्र नोंदणी लागते. उलट आपला देशी हिरवा पोपट, कंठवाला, मुनिया हे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. १९९१ च्या दुरुस्तीपासून देशी पक्ष्यांचा व्यापार बंद आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. गंमत अशी की कॉकॅटीलला पावती मागणारा माणूस घरात ढोलीतून काढलेला पोपट बिनदिक्कत टांगून ठेवतो! ज्या विक्रेत्याच्या मागच्या खोलीत देशी पोपटाची पिल्ले किंवा रंग फासलेल्या मुनिया दिसतील, त्याच्याकडून कॉकॅटीलही घेऊ नये. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

आता घरी आणल्यानंतरचे. पाखरू कितीही चांगल्या घरचे असो, पहिले तीस दिवस ते इतर पाखरांपासून आणि कोंबड्यांपासून वेगळे. वेगळे म्हणजे वेगळ्या खोलीत. पडवीचे दुसरे टोक नव्हे. आधी कोंबड्यांचे दाणापाणी, मग पाखराचे, आणि नंतर हातपाय साबणाने धुऊन चप्पल बदलायची. पिंजऱ्यातला कचरा परसात कोंबड्या उकिरडा उकरतात तिथे टाकायचा नाही. विष्ठा सुकी झाडायची नाही, पाणी शिंपडून पुसायची. कारण पोपटवर्गाच्या पक्ष्यांकडून माणसाला एक ताप येतो, सिटॅकोसिस नावाचा, तो सुक्या विष्ठेच्या धुळीतून श्वासावाटे जातो. १९२९-३० साली पोपटांच्या व्यापारामुळे त्याची साथ युरोप-अमेरिकेत पसरली होती. आपल्याकडे घरात पाखरू असेल आणि कोणाला ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला लागला तर डॉक्टरांना "आमच्याकडे पाखरू आहे" हे आपणहून सांगावे. औषध आहे, पण डॉक्टरांच्या मनात तो रोग यायला हवा.

आणि पाखरू मेलेच तर पुरू नका, फेकूही नका. उघड्या हाताने न धरता प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून, बर्फात ठेवून, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा १९६२ वर फोन करा. २००९ च्या प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या कायद्याने राणीखेत, बर्ड फ्लू अशा रोगांचा संशय आला तर मालकाने गावातल्या जबाबदार अधिकाऱ्याला कळवायचे आहे, आणि त्याने पशुवैद्यकाला. "एका पाखराचे काय एवढे" असे म्हणून कोणी ग्रामपंचायतीत हसण्यावारी नेऊ नये. आजीच्या पडवीत नमुना मिळाला असता तर निदान खरे काय झाले ते तरी कळले असते.

शेजारच्या पोराची हौस काही गेली नाही. यंदा त्याने डोंबिवलीच्या एका गृहस्थांकडून एकच राखाडी पिल्लू घेतले. तीन रविवार जाऊन बघून आला, चौथ्या रविवारी आणले. पावतीवर जन्मतारीख आहे, कडीचा नंबर आहे, आणि आईबापांचा फोटो त्या गृहस्थांनी आपणहून दिला. पैसे मोटारसायकलवाल्यापेक्षा सातशे जास्त गेले. पाखरू माजिवड्याच्या घरात राहते, गावी न्यायचे नाही असे आजीने बजावले आहे. आजीकडे आता नव्या पंधरा तलंगा आहेत. राणीखेतची लस मी दवाखान्यातून उभे राहून द्यायला लावली, पुढची तारीख तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर कोळशाने गोल करून ठेवली आहे.